पाण्यातला जावई

आमच्या वर्तकनगरच्या दोन खोल्यांत दाराआड तीन सिलिंडर उभे असत. एक लाल, स्वयंपाकाच्या गॅसचा, आणि दोन राखाडी, बाबांच्या हवेचे. नवा गॅसवाला आला की हमखास राखाडीलाच हात घालायचा आणि आई आतून सांगायची, तो नको, त्यात नुसती हवा आहे. त्यावर एकदा एक जण म्हणालेला, "काकू, हवापण घरात भरून ठेवता?" आईला त्याचं फार हसू आलं होतं आणि पुढे कितीतरी दिवस ती बाबांना विचारायची, आज हवा विकत आणायची की घरातली वापरायची. गॅलरीत बाबांचा काळा रबरी पोशाख उलटा टांगलेला असे. त्याचे हातपाय वाऱ्यावर हलत. शेजारच्या काकूंनी आपल्या धाकट्याला जेवताना त्याचीच भीती घालून भात भरवला. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की आधी गॅलरीकडे बघत आणि मगच चपला काढत.

बाबा पाणबुड्या होते. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते छोट्या कंत्राटदारांसाठी पाण्याखालची कामं करत: पुलाच्या खांबांची तपासणी, बुडालेले नांगर काढणं, लाँचच्या पंख्याला गुंडाळलेलं जाळं कापणं. काम असेल त्या दिवशी आमच्याकडे पहाटे कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत भाताची पेज शिजायची. पोट जड करून पाण्यात जायचं नाही हा नियम. पेजेबरोबर लोणचं, आणि त्याआधी आईची तपासणी. ती बाबांना एक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावायची, मग दुसरी. जरा सुरसुर ऐकू आली की काम रद्द. बाबांच्या उजव्या कानाचा पडदा सर्दीतच बुडी मारल्यामुळे गेला होता, नौदलात असताना, आईशी लग्न होण्याआधी. डाव्या कानाची जबाबदारी आईने लग्नानंतर स्वतःकडे घेतली. कंत्राटदाराचा माणूस खाली स्कूटरवर हॉर्न देत असला तरी ती गॅलरीतून सांगायची, "आज नाही, नाक वाहतंय." वरच्या-खालच्या मजल्यांवर सगळ्यांना ते ऐकू जायचं.

त्या अर्ध्या बहिरेपणामुळे आमच्या घरात पाण्याखालची खुणांची भाषा रुळली होती. पाणबुड्याच्या कमरेला जी दोरी असते तिचं दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात असतं आणि दोघांचं बोलणं झटक्यांनी चालतं. एक झटका म्हणजे ठीक आहे ना, आणि त्याला उलट एक झटका, ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे वर ये. चार म्हणजे मी अडकलोय, ओढा. आई बाबांचा सदरा मागून तीनदा ओढायची आणि बाबा वाक्य अर्धं टाकून पानावर येऊन बसायचे. तीन झटक्यांना उत्तर नसतं, एवढंच त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. का, कशाला, पाच मिनिटांत येतो, हे काही नाही. वरच्याने तीन दिले की खालच्याने यायचं. खालच्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही, वरच्याला सगळी खाडी दिसते. म्हणून पाणबुड्या खाली गेला की साहेब कोण, तर दोरी धरणारा.

समुद्रात काय किंवा खाडीत काय, पाणबुड्याला खोलीपेक्षा ओढीची भीती जास्त. घोडबंदरकडे खाडी अरुंद होते आणि भरती-ओहोटीचं सगळं पाणी तेवढ्यातून जातं. भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाणी थोडा वेळ उभं राहतं, तेवढाच बाबांचा कामाचा वेळ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तो जेमतेम मिळतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला, जरा ऐसपैस. म्हणून आमच्या कॅलेंडरवर सणांपेक्षा अष्टम्यांना खुणा जास्त असत. पाणी कधी वळेल याचं वेळापत्रक छापील मिळे, पण बाबा त्यावर उतरत नसत. होडीच्या कडेला थर्माकोलचा तुकडा शिवणाच्या दोऱ्याने बांधून सोडायचे. दोरा सैल, तोवर पाणी उभं. दोरा ताणला की पाणी चालू लागलं, तीन झटके. होडीमागे पिवळा प्लास्टिकचा डबा बांधलेली एक लांब दोरी कायम तरंगत ठेवायची, वाहून गेलेल्याला धरायला. आणि वाहून गेलाच, तर पाण्याशी भांडायचं नाही. वर यायचं, जाकिटात हवा भरून उताणं पडायचं, दिसत राहायचं.

माझी मुलगी ऑफिसच्या लोकांबरोबर अंदमानला बुड्या मारायला जाते. तिथली ओढ आमच्या खाडीहून जबर असते म्हणतात, पण पाणी निळं आणि आरपार. तिच्याकडे मनगटावर संगणक आहे, वर येताना फुगवायची नारिंगी लांब नळी आहे, शिट्टी आहे. मी फोनवर एकच विचारते, होडीत कोण थांबतं. ती म्हणते, आई, बोटवाले दादा असतात ना. मी विचारते, त्यांनी वर बोलावलं तर तू येशील का? यावर ती हसते. मला हसू येत नाही. का, ते पुढे सांगते.

आईचं माहेर कोलशेतच्या बाजूला, खाडीकाठी. कोळी घर. माझ्या आजोबांची होडी बुडाली ती वर काढायला बाबा नौदलातल्या सुट्टीत मित्राबरोबर गेले होते. होडी निघाली आणि वर्षभरात लग्न झालं. बाबा रत्नागिरीकडचे, कोळ्यांतले नव्हेत, आणि म्हणूनच की काय, तिथे त्यांचं जावईपण जरा जास्तच झालं. आम्ही गेलो की घरातली एकुलती खुर्ची अंगणात यायची. चिंबोरीच्या मोठ्या नांग्या बाबांच्या ताटात, कोळंबीतली वेचलेली कोळंबी बाबांच्या ताटात, सुरमईचा मधला तुकडा बाबांच्या ताटात. मामी तांदळाची भाकरी तव्यावरून थेट त्यांच्याकडे आणायची. बाबा पाणी प्यायला उठले तर तीन माणसं उठायची. आईचा धाकटा भाऊ बाळामामा तर त्यांच्यासमोर बाजेवर पाय वर घेऊन बसतही नसे.

हाच बाळामामा बाबांची दोरी धरायचा. होडी त्याची, खाडीची नजर त्याची, आणि हात असे की दोरीत जरा काही हललं तरी त्याला कळे. बाबा म्हणत, बाळा वर असला की मला खाली झोप लागेल. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे मी सरळच लिहिते, कारण पुढचं सगळं त्या प्रेमापोटीच घडलं.

मी तेव्हा कॉमर्स कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पूर्वी मामाबरोबर त्याचा एक मित्र यायचा, तो गिरणीत लागल्यावर दोऱ्यावर नजर ठेवायला माणूस उरला नाही आणि मी जायला लागले. वाटणी ठरलेली: दोरा माझ्याकडे, दोरी मामाकडे. मी सांगायचं, मामाने ठरवायचं. एका दोरीला दोघांनी हात लावायचा नाही, कारण मग खालच्याला कोण बोलतंय ते कळत नाही.

काम पुलाच्या एका खांबाचं होतं. पायथ्याची माती किती खचली ते बघायचं. भाद्रपदातली दुसरी अष्टमी होती. आदल्या रात्री वर कल्याणकडे बराच पाऊस झाला होता, पण आमच्याकडे ऊन पडलेलं. मामाने खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे कल्याणच्या बाजूला नांगर टाकला. भरती संपली, थर्माकोलचा तुकडा होडीला येऊन चिकटला, बाबा उतरले. आधी खांबाची समुद्राकडची बाजू उरकायची आणि मग होडीकडची, असा त्यांचा क्रम. ओहोटी लागली तरी आपण होडीच्या अंगाला असावं म्हणून. पण समुद्राकडच्या बाजूला त्यांना पायथ्याशी पोकळी सापडली आणि ते तिथे हाताने चाचपत राहिले. हे अर्थात आम्हाला नंतर कळलं. वर आम्ही दोघं भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात होतो. मामा एका हाताने सोलायचा, दोरीचा हात तसाच.

दोरा ताणला तो छापील वेळेच्या बराच आधी. वरून आलेलं पावसाचं पाणी लवकर उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, "मामा, दोरा ताणला."

"बघितला गो," मामा म्हणाला, आणि त्याने दोरीला एक झटका दिला. खालून एक झटका आला. ठीक आहे.

मला वाटलं, तो आणखी दोन देईल. त्याने दिले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, दाजींचं आटपत आलं असंल, तेच निघतील. आणि पुन्हा एक झटका. पुन्हा खालून एक. बाबा खरंच ठीक होते. खांबाच्या आडोशाला पाण्याची ओढ लागत नाही. खांब तिथे भिंतीसारखा उभा असतो आणि त्याच्या पाठीमागे पाणी शांत. त्यांना वाटलं, बाळा चौकशी करतोय. मामाला वाटलं, दाजींना कळलंय आणि त्यांना थांबायचंय. थर्माकोल आता खांबाच्या दिशेला सरळ ताणला होता आणि दोऱ्याजवळ पाणी चिरत होतं. किती वेळ गेला हे मी सांगणार नाही, कारण घड्याळ पाहिलं नव्हतं आणि अंदाजाने आकडा लिहायची मला सवय नाही. मी मामाच्या हातावरून दोरी धरली आणि तीनदा ओढली. उत्तर आलं नाही. तिनाला उत्तर नसतंच, म्हणून मी वाट बघितली. पण दोरीही पुढे येईना. ती आता पाण्याच्या ओढीने खांबाच्या कोपऱ्याला घट्ट टेकली होती आणि माझे झटके तिथेच मरत होते.

मग बाबा आपल्या हिशेबाने निघाले. आडोशाबाहेर पाऊल पडताच पाण्याने त्यांना उचललं. मामाच्या हातात दोरी अशी ताठ झाली की होडी कलली. खांबाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पात्यासारखी. दोरी त्यांवरून घासली, आणि मग एकदम हलकी झाली. मामाने ती ओढून घेतली. टोक कुंच्यासारखं पिंजलेलं होतं. मामाच्या चेहऱ्याकडे मी त्या क्षणी पाहिलं आणि लगेच पाण्याकडे पाहिलं, कारण त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

यापुढे मामाने जे केलं ते सगळं बरोबर केलं. त्याने इंजिन सुरू केलं नाही. खाली माणूस असताना पंखा फिरवायचा नसतो. मला म्हणाला, फक्त पाण्यावर बघ, दुसरं काय नको करू. पिवळ्या डब्याच्या पलीकडे, बराच लांब, बाबांचं डोकं वर आलं. ते डब्याच्या दोरीच्या पुढे वाहून गेले होते. मी हात त्यांच्याकडे रोखून धरला आणि तो खाली आणला नाही, नजर हलू दिली नाही. बाबा उताणे पडले, पोहले नाहीत, एक हात वर केला. मामाने नांगराच्या दोरीला रिकामा डबा बांधून ती सरळ पाण्यात सोडून दिली. त्यामागे साधा विचार असतो. होडी नांगरावर असेल तोवर वाहता माणूस लांबच जाणार. होडीही सोडून दिली की पाणी दोघांना सारखंच नेतं, आणि मधलं अंतर तेवढंच राहतं. ते वल्ह्याने कापायचं. मामाने ते कापलं. बरंच पुढे गेल्यावर आम्ही बाबांना होडीत घेतलं. जाकीट धरून मामाने त्यांना एकट्याने आत ओढलं.

बाबा बराच वेळ होडीच्या तळाशी पडून होते. मग त्यांनी विचारलं, दोरा कधी ताणला? मी जे झालं ते क्रमाने सांगितलं, मामाने दोनदा दिलेल्या एकेका झटक्यासकट.

"तीन का नाही दिलेस, बाळा?"

मामा नांगराच्या डब्याच्या दिशेला बघत म्हणाला, "तुमाला वर कसा बोलवायचा? तुमी जावई."

बाबा हसायला लागले आणि त्यांना खोकला आला. मामा हसला नाही. काठावर त्याने बाबांच्या पायाला हात लावला आणि सांगितलं, यापुढे दुसरा माणूस बघा.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं, भांडी घासली, आणि मग बाबांना म्हणाली, तुम्ही खांबामागे पाणी शांत असतं हे विसरलात कसे? कंत्राटदार पुढच्या अष्टमीला दुसरा दोरीवाला द्यायला तयार होता. बाबा म्हणाले, बाळा नसेल तर मी उतरणार नाही. आईला हे पटत नव्हतं आणि पटतही होतं. तिच्या डोळ्यांसमोर एकीकडे नवऱ्याचा जीव आणि दुसरीकडे भाऊ, जो त्या दिवसापासून आमच्या दारी आला नव्हता. रविवारी ती आम्हाला घेऊन माहेरी गेली.

मामा पडवीत जाळं दुरुस्त करत होता. बाबांना बघून तो उठायला लागला. आईने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. एरवी वर्तकनगरला ती आमच्यासारखंच बोलायची, त्या दिवशी तिची माहेरची बोली बाहेर आली. "खाली गेला की त्यो जावई नाय रं बाळ्या. तुझ्या हातातला मानूस हाय." मामा म्हणाला, मना नाय जमनार ताय. इतक्या वर्षांची सवय. आई म्हणाली, मग सवयच मोडू.

आणि तिने ती मोडायला घेतली. खुर्ची तिने स्वतः उचलून माळ्यावर टाकली. बाबांना मुलांच्या पंगतीत बसवलं. मामीला सांगितलं, यांना शेपटीचा तुकडा वाढ. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाला शेपटी वाढायची म्हणजे तिला गावात तोंड दाखवायला जागा उरत नव्हती. तिने भाताखाली एक मधला तुकडा लपवला, तो आईने शोधून माझ्या ताटात टाकला. बाबा शेपटी कुरकुरीत चावत होते. त्यांना ती आधीपासूनच आवडायची, असं त्यांनी मला परतताना सांगितलं. जेवणानंतर मामाने बाबांना काम सांगायचं, असं आईने फर्मान काढलं. मामा बराच वेळ अंगठ्याने जमीन उकरत होता. मग म्हणाला, "दाजी, जरा तो हंडा... म्हंजे जमलं तर..."

"जमलं तर नाय," आई म्हणाली.

पुढचे दोन-तीन रविवार असेच गेले. बाबांनी हंडे आणले, जाळी वाळत घातली, मामाच्या पोराची सायकल पुसली. गावातली माणसं कुंपणावरून बघत. एका म्हातारबाबांनी विचारलं, जावयाने काय गुन्हा केला? मामी त्या दिवशी घरातून बाहेरच आली नाही. पण मामा हळूहळू 'जरा' सोडायला लागला, मग 'जमलं तर' सोडलं. एकदा बाबा बाजेवर आडवे झाले असताना तो म्हणाला, "उठा, जालं न्यायचंय." बाबा उठले. आई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं असणार, कारण भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबला.

तोच खांब, भांगाचं पाणी. या वेळी बाबांनी नवी, जाड दोरी आणली होती आणि खांबाच्या कोपऱ्याला पोती गुंडाळून घेतली होती. आडोशाच्या बाजूला एकदम जायचं नाही, गेलो तर दर थोड्या वेळाने बाहेर हात काढून पाणी चाचपायचं, हेही ठरलं. पुलावर कंत्राटदाराचे साहेब उभे होते. आधीच उशीर झाला म्हणून वैतागलेले. पाणी उभं राहिलं. खाली राहता यावं म्हणून कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधून बाबा उतरले. मामाने शेंगा आणल्या नव्हत्या. त्याच्या पायावर माशी बसली होती ती त्याने हाकललीसुद्धा नाही.

बाबा खाली जाऊन फार वेळ झाला नसेल. दोरा हलला. ताणला नाही, हलला. मी तोंड उघडायच्या आत मामाचा हात तीनदा मागे आला होता. त्यानंतर मला पलीकडून जाणारी रेतीची लाँच दिसली. तिची लाट होती. मामालाही दिसली. तो काहीतरी पुटपुटला आणि दोरी आवरत राहिला, कारण खालून ती एकसारखी सैल येत होती. बाबा निघाले होते.

ते वर आले, होडीची कड धरली, तोंडातली नळी काढली. वरून साहेबांनी ओरडून विचारलं, इतक्यात का आला, काय झालं? बाबा डाव्या कानाने ऐकून म्हणाले, "बोलावलं, आलो."

"लाँचची लाट होती," मामा हळू आवाजात म्हणाला. "पानी उभंच हाय."

"असेल," बाबा म्हणाले. त्यांनी 'का' असं विचारलं नाही, त्याच्याकडे रोखून बघितलं नाही, सुस्काराही सोडला नाही. मी हे मुद्दाम पाहत होते. आज इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासून मला एवढं कळलंय की चुकून वाजलेल्या घंटेबद्दल एकदा कोणाला बोललात, की खरी घंटा वाजायच्या वेळी तो माणूस विचार करत बसतो.

बाबा होडीची कड धरून तसेच तरंगत राहिले, पुन्हा उतरायच्या तयारीने. मामाने थर्माकोलकडे पाहिलं. मग लांब, कल्याणच्या बाजूच्या पाण्याकडे पाहिलं, जिथे मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. वरून साहेबांनी घड्याळ दाखवलं.

"आता थोडाच येल उभं ऱ्हाईल," मामा म्हणाला. "आज नाय उतरायचं. वर या."

त्याच्या आवाजात 'दाजी' नव्हतं. बाबांनी कमरेचा शिशाचा पट्टा सोडला आणि त्याच्या हातात दिला.